दिवाळीपासून ६.७ इंची फोन वापरतेय : स्क्रीन मोठी हवीच, पण रुंदीला

सर्व्हिस सेंटरने डिस्प्ले बदलायचे ७,४०० रुपये सांगितले. फोन दिवाळीच्या सेलमध्ये १९,००० ला घेतला होता. म्हणजे फोनच्या किमतीचा तिसऱ्याहून मोठा हिस्सा एका काचेला. टच चालतोय, चित्र स्वच्छ दिसतंय, फक्त वरच्या कोपऱ्यातून तडा गेलाय, तरीही अख्खा डिस्प्ले बदलायचा. ‘नुसती काच आम्ही बदलत नाही मॅडम, आणि फिजिकल डॅमेज वॉरंटीत येत नाही.’ पुढचं टोकन पुकारलं गेलं आणि विषय संपला.

स्पेसिफिकेशन लिहीत बसत नाही, ती सगळ्यांना पाठ असतात. ५००० एमएएचची बॅटरी, अमोलेड (स्वतःच उजळणारा) डिस्प्ले, १२० हर्ट्झ, या किमतीत आता सगळ्यांकडे तेच असतं. बॅटरी उत्तम, दिवस आरामात निघतो. कॅमेऱ्याबद्दल तक्रार नाही. मला बोलायचंय ते त्या वरच्या कोपऱ्याबद्दल, कारण फोन पडला तो त्याच्यामुळे.

सकाळची डोंबिवली फास्ट. एक हात वरच्या हँडलला, दुसऱ्यात फोन. ओटीपी आला म्हणून नोटिफिकेशन खाली ओढायचं होतं. अंगठा तिथवर पोचत नाही, म्हणून फोन तळहातावर खाली सरकवावा लागतो. सरकवताना आधार उरतो फक्त करंगळीचा, आणि कव्हर धरून दोनशे ग्रॅमच्या वरचा फोन. तेवढ्यात गाडीने ब्रेक मारला. हे माझ्या एकटीचं नाही. लेडीज डब्यात आजूबाजूला बघा, निम्म्या बायका असाच फोन सरकवताना दिसतात. आमचे पंजे लहान, कुर्त्याला बहुतेक वेळा खिसा नाही, म्हणजे फोन हातातच राहणार. हे फोन कुणाचा हात समोर ठेवून बनवतात, हा प्रश्न मला मनापासून पडतो.

संतापाच्या भरात घरी जाऊन पट्टी काढली. जुना ५.५ इंची फोन ड्रॉवरमध्ये होता. त्याची स्क्रीन भरली ६.८ सेंटिमीटर रुंद आणि १२.२ सेंटिमीटर उंच. नव्याची ७ रुंद आणि साडेपंधरा उंच. मी परत मोजलं. इंच मोजतात ते तिरके, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. पूर्वी स्क्रीनच्या उंचीचं रुंदीशी प्रमाण १६:९ असायचं, आता २०:९ झालंय. त्यामुळे खोक्यावरचा आकडा ५.५ चा ६.७ झाला, रुंदी एक-दोन मिलिमीटरनेच वाढली आणि उंची मात्र तीन सेंटिमीटरहून जास्त. २०११ मध्ये सॅमसंगचा पहिला गॅलक्सी नोट आला तेव्हा एवढं धूड कानाला कोण लावणार म्हणून लोक हसले होते. त्याची स्क्रीन ५.३ इंचांची, प्रमाण १६:१०. हिशोब केला तर रुंदी ७.१ सेंटिमीटर येते, माझ्या आजच्या ६.७ इंचीपेक्षा जास्त!

आणि वाचायला लागते ती रुंदी. माझं काम संस्थेच्या ऑफिसात, दिवसभर शासन निर्णयांच्या पीडीएफ येत असतात. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद. सात सेंटिमीटरच्या स्क्रीनवर तो बसवला की अक्षर तिसऱ्या हिश्शाचं होतं. इंग्रजी एकवेळ चालून जातं, पण आपल्याकडे रफार, रकार, जोडाक्षरं, अनुस्वार. ‘कर्मचारी’चा रफार दिसेनासा होतो. सातबारा उघडून पाहा: रकान्यांचा तक्ता आहे, गट नंबर बघायला झूम करा, मग खातेदाराचं नाव स्क्रीनबाहेर. फोन आडवा करावा तर उंची उरते सातच सेंटिमीटर, त्यात वरची-खालची पट्टी गेली की मोजक्याच ओळी दिसतात. वाढवलेली उंची अशा कामाला काडीच्याही उपयोगाची नाही. ती कामी येते रील्स बघायला आणि खाली सरकत राहायला.

इथवर वाचून मी लहान स्क्रीनच्या बाजूची वाटेन. दोन-तीन महिने होतेही. मग संक्रांतीला गावी गेले आणि आप्पांनी हा फोन हातात घेतला. आप्पा ७२ वर्षांचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मी फॉन्ट सर्वांत मोठा केला, डिस्प्ले साइजही वाढवला. जुन्या फोनवर तसं केलं की ‘पुढे जा’चं बटण स्क्रीनखाली गायब व्हायचं आणि ते मला फोन करायचे. या फोनवर अक्षर मोठं करूनही बटण दिसत होतं. त्यांनी स्वतः बँकेचं ॲप उघडून पेन्शन जमा झाल्याचं पाहिलं, कुणालाही न विचारता. त्यानंतर मला मोठ्या स्क्रीनविरुद्ध बोलता येईना. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही, त्यांचं बँक, रेशन, शाळा, दवाखाना सगळं याच काचेवर आहे. त्यांना लहान स्क्रीन घ्या म्हणणं अन्याय आहे. बाजारानेही कौल दिलाच आहे, ॲपलने ५.४ इंची आयफोन मिनी २०२० आणि २०२१ मध्ये काढला आणि २०२२ मध्ये त्याच्या जागी ६.७ इंची प्लस आणला.

पण म्हणून उंची वाढवत नेणं मला अजूनही पटत नाही. वाढवायचीच तर बटणं खाली आणा. आयफोनच्या सफारी ब्राउझरने २०२१ मध्ये ॲड्रेस बार खाली आणला, म्हणजे जमतं. अँड्रॉइड १२ पासून वन-हँडेड मोड आहे: सेटिंगमधून चालू करा, स्क्रीनच्या तळाची रेघ खाली ओढली की अख्खी स्क्रीन अर्ध्यावर उतरते. मला तो काच फुटल्यावर सापडला. दुकानात फोन देताना हे दाखवायला काय जातं?

काचेचं असं झालं: स्टेशनजवळच्या दुकानात २,६०० चा कॉम्बो (काच आणि डिस्प्ले एकत्र) दाखवला, पण तो टीएफटी, म्हणजे स्वस्तातला दुसऱ्या प्रकारचा डिस्प्ले. अमोलेडच्या जागी टीएफटी बसवला की स्क्रीनमधला फिंगरप्रिंट बंद, कारण तो सेन्सर पॅनलच्या आरपार बघतो आणि टीएफटीच्या मागे उजेड देणारी बॅकलाइट आड येते. नको म्हटलं. दुसऱ्याने मशीनवर नुसती वरची काच काढून नवी चिकटवली, १,८०० घेतले. ‘काढताना पॅनल गेलं तर जबाबदारी तुमची’ हे आधीच सांगितलं, ते मला आवडलं. कडेला बारीकशी धूळ अडकलीय, उन्हात दिसते. फिंगरप्रिंट चालतो. ५,६०० रुपये वाचले.

आईवडिलांसाठी घेत असाल तर मोठाच घ्या, फॉन्ट तुम्ही लावून द्या. उभ्याने प्रवास करत असाल तर पैसे द्यायच्या आधी दुकानातच एका हातात धरून नोटिफिकेशन ओढून बघा, तेही कव्हर घालून.