टाटा मेमोरियल, परळ: कोविडमधे कॅन्सरचं ऑपरेशन करून घेतलं त्याचा रिव्ह्यू

उशिरा लिहितोय पण लिहितो, कारण अजूनही कोणी ना कोणी विचारतंच की २०२० मधे मामांना मुंबईला न्यायचं धाडस केलंत कसं. धाडस कसलं, इलाजच नव्हता. गालाच्या आतून जखम, भरता भरेना, बायोप्सीत कॅन्सर निघाला (मामा आणि तंबाखू, पुढचं सांगायला नको). आमच्याकडचं एक मोठं प्रायव्हेट हॉस्पिटल म्हणालं सध्या फक्त इमर्जन्सी घेतो, कोरोना ओसरला की या. अहो पण तोपर्यंत कॅन्सर काय क्वारंटाइन होऊन बसणार होता का?

मग प्रवासाचा ई-पास काढला, बायोप्सीचे नमुने (स्लाइड-ब्लॉक) घेतले आणि परळ गाठलं. गावात सगळ्यांनी वेड्यात काढलं, मुंबई म्हणजे रेड झोन, टीव्हीवर दिवसरात्र धारावी नि वरळी चालू.

सर्विसबद्दल म्हणाल तर मला सगळ्यात आवडलं ते हे की तिथे कोणी "काही होत नाही" असं म्हणून खांद्यावर हात ठेवला नाही. काय रिस्क आहे ते नीट सांगितलं. तोंडाचं ऑपरेशन म्हणजे विषाणू जिथे असतो तिथेच डॉक्टरांचे हात, त्यात गळ्याला भोक पाडायची वेळ आली तर श्वासाबरोबर तो आणखी उडणार, म्हणजे पेशंटइतकीच त्यांनाही भीती. त्यामुळे आत जातानाच ताप, खोकला, घरात कोणी पॉझिटिव्ह आहे का याची चौकशी, ऑपरेशनआधी स्वॅब, पेशंटसोबत एकच माणूस. मामी बाहेरच राहिल्या, त्यावरून रडारड झाली पण नियम म्हणजे नियम, आणि तो बरोबरच होता.

आता आकडे, कारण नुसत्या आमच्या अनुभवावर कोणी विश्वास ठेवू नये. टाटाच्या सर्जननी त्यांचा हिशोब छापलाय, २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० म्हणजे अगदी कडक लॉकडाऊनमधे ४९४ मोठी ठरवून केलेली ऑपरेशनं, ऑपरेशननंतर मृत्यू शून्य. गंभीर गुंतागुंत २८ जणांना, म्हणजे ५.६ टक्के. नंतर संशय आला म्हणून २६ जणांची कोविड टेस्ट केली त्यात ६ पॉझिटिव्ह निघाले, पण कोविडमुळे आयसीयू कोणालाच लागलं नाही. आणि त्याच सुमाराला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं की ऑपरेशनच्या आसपास कोविड झालेल्यांपैकी २३.८ टक्के लोक महिन्याभरात गेले. तो आकडा व्हॉट्सॅपवर फिरला आणि लोकांनी फाइली कपाटात ठेवल्या. पण ते सगळेच्या सगळे बाधित पेशंट होते, आणि त्यातली ७४ टक्के ऑपरेशनं इमर्जन्सी. ठरवून, चाळणी लावून केलेल्या ऑपरेशनची त्याच्याशी तुलना कशी करणार?

अर्थात उलटी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल जाहिरात करतोय. टाटाच्या त्या ४९४ मधे मधलं वय ४८, साठीच्या वरचे फक्त १३ टक्के, आणि ६८ टक्के लोकांना कॅन्सर सोडून दुसरा त्रास नव्हता. तेव्हा ऐंशीचे आजोबा, शुगर, हार्ट असं सगळं असेल तर हा शून्य बघून निर्धास्त होऊ नका, तुमच्या डॉक्टरला वेगळं विचारा. आमचे मामा पन्नाशीतले, बाकी ठणठणीत, म्हणून बसलं गणित.

ऑपरेशन चांगलं झालं. पुढे नाकातून नळी, पातळ खाणं, बोलणं अजून जरा जड आहे. खरा त्रास राहायच्या जागेचा झाला, लालबागला ओळखीच्यांची रिकामी खोली होती तर सोसायटीवाले कॅन्सरपेशंट आणि मुंबईबाहेरचे म्हणून आत घेईनात. ते हॉस्पिटलच्या हातातलं नाही, पण पुन्हा अशी साथ आली तर राहायची सोय आधी बघा आणि मग निघा.

त्या मार्च ते मे मधे देशातल्या ४१ कॅन्सर सेंटरमधे मोठी ऑपरेशनं आदल्या वर्षीच्या निम्म्यावर आली होती. ते उरलेले निम्मे लोक नंतर कुठल्या स्टेजला पोचले असतील ते तुम्हीच बघा. आणि हो, ऑपरेशनआधी स्वॅब पॉझिटिव्ह आलाच तर लगेच घाई करू नका, २०२१ च्या एका अभ्यासात सात आठवडे थांबलं तर धोका कमी असं निघालं होतं, पण थांबायचं की नाही ते सर्जनला ठरवू दे, शेजाऱ्याला नाही.