दारी येणारी आशाताई आणि शहरातला नवजात कक्ष
रामटेक किंवा पारशिवनीच्या आतल्या गावात जन्मलेल्या बाळाला पहिल्या महिन्यात दोन आधार असतात: दारी येणारी आशाताई आणि नागपुरातील मोठ्या सरकारी रुग्णालयातला नवजात कक्ष. श्वास अडखळणाऱ्या किंवा फार अपुऱ्या दिवसांच्या बाळाला कक्षच हवा. तिथला बाळाला ऊब देणारा वॉर्मर, प्राणवायू आणि तज्ज्ञ डॉक्टर यांना गावात पर्याय नाही. परंतु बाळ तिथे वेळेत पोहोचायचे, तर त्याचे दूध पिणे थांबणे, अंग गार पडणे, मलूल होणे आधी कुणाच्या तरी लक्षात यावे लागते, आणि ती नजर गावातलीच असते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत प्रशिक्षित महिलांमार्फत घरोघरी नवजात सेवा दिली, तेव्हा तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला; हा अभ्यास १९९९मध्ये प्रसिद्ध झाला. २०११पासून आशा देशभर असे काम करतात. प्रसूती दवाखान्यात झाली असली, तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी त्या घरी येतात व बाळाच्या वजनाबरोबर बाळंतिणीचा ताप, रक्तस्रावही विचारतात. कक्षातील खाटा वाढवण्याआधी या भेटी एकही न चुकता व्हाव्यात आणि आशांना त्यांचा मोबदला वेळेवर मिळावा, असे मला ठामपणे वाटते.