डिझाइनच्या आवृत्त्या की बगची नोंद? काही महिने वापरून झालेलं मत

कोल्हापुरात राजारामपुरीतली आमची छोटी टीम. काम शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं, डिस्पॅच नोंदवायचं ॲप. डिझायनरचं म्हणणं, आधी डिझाइनच्या आवृत्त्या सांभाळायची सोय करा. टेस्टरचं म्हणणं, आधी बग ट्रॅकर, म्हणजे ॲपमधल्या चुका (बग) नोंदवून त्यांचा पाठपुरावा करायचं साधन. दोन्ही एकदम शिकायला सवड कुणाला होती! आता विचाराल तर मी टेस्टरच्या बाजूचा.

बग ट्रॅकर म्हणून रेडमाइन लावलं. २००६ पासूनचं, ओपन सोर्स. लायसन्सला पैसे नाहीत, पण सर्व्हर आणि बॅकअप आपल्याच गळ्यात. दिसायला जुनाट आहे, चालतंय. त्याआधी व्हॉट्सॲपवर ‘बटण चालंना’ एवढाच मेसेज यायचा. कुठलं बटण, कुणाच्या फोनवर, देव जाणे. तीच तक्रार रेडमाइनमध्ये अशी आली: सुपरवायझरचा अँड्रॉइड फोन, अक्षरं सगळ्यात मोठी ठेवलेली, ‘पाठवणी नोंदवा’ दोन ओळींत मोडतं आणि खालचा वजनाचा रकाना झाकतो. सोबत ॲपची आवृत्ती आणि स्क्रीनशॉट. डेव्हलपरनं एकही फोन न करता दुरुस्त केलं.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून करा: बग किती गंभीर आणि तो किती तातडीचा, हे रकाने वेगळे ठेवा. रेडमाइनमध्ये तातडीचा रकाना तयार असतो, गांभीर्याचा कस्टम फील्ड म्हणून जोडावा लागतो. चलनावर मालकांचं आडनाव चुकलं तर ॲप काही बंद पडत नाही. पण ते आजच सुधारायला लागतं, नाहीतर मालक काय ऐकवतील ते इथं लिहिण्यासारखं नाही.

डिझाइनसाठी फिग्मा या डिझाइन टूलच्या फुकट प्लॅनवर भागवतोय. त्यात मागचा इतिहास ३० दिवसांचाच दिसतो. ब्रांच करायची, म्हणजे मूळ फाइलला धक्का न लावता वेगळ्या प्रतीत बदल करून नंतर ते मूळ फाइलमध्ये मिसळायची सोय ऑर्गनायझेशन आणि एंटरप्राइझ या महागड्या प्लॅनमध्येच आहे. एकच डिझायनर असेल तर ब्रांच हवी कशाला? पाच-सहा डिझायनर एकाच फाइलवर हात मारत असतील तर मात्र माझं मत सोडून द्या, आधी आवृत्त्यांची सोय बघा.

मंजुरी मिळाली की आम्ही फाइलची लोकल कॉपी काढून ठेवतो. त्या कॉपीत कॉमेंट आणि जुना इतिहास येत नाही, म्हणून गिऱ्हाइकाचा होकार रेडमाइनच्याच तिकिटात (त्या कामाच्या नोंदीत), फ्रेमच्या, म्हणजे डिझाइनमधल्या त्या स्क्रीनच्या, लिंकसकट चिकटवायचा.