व्हीजीए की डीव्हीआय: मॉनिटर तोच, केबल कुठली?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात संगणकावर कास्टिंगची ड्रॉइंग करताना पांढऱ्या पडद्यावरची बारीक रेघ पुसट दिसायची. मी चष्म्याचा नंबर वाढला म्हणून घाबरलो होतो. दोष निघाला निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलचा.

१९८७ साली आलेली १५ पिनांची व्हीजीए ही काचेच्या नळीच्या मॉनिटरसाठी होती. सपाट मॉनिटरला ती जोडली की संगणकातलं ग्राफिक्स कार्ड (पडद्यासाठी चित्र तयार करणारा भाग) डिजिटल चित्राचं अॅनालॉग करतं आणि मॉनिटर त्याचं पुन्हा डिजिटल. या दोन उलथापालथींत कडा विरघळतात, शेजारी सावली पडते. केबल लांब किंवा हलकी असेल तर जास्तच. 'ऑटो' बटण दाबून सुधारतं, पण पुरतं नाही.

१९९९ च्या डीव्हीआय या डिजिटल जोडणीत हे रूपांतरच नाही, पिक्सेलला पिक्सेल. साधी सिंगल लिंक केबल १९२० बाय १२०० पिक्सेलपर्यंत ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० वेळा चित्र) चालते. कार्डाला फक्त एचडीएमआय (टीव्हीला असतं ते सॉकेट) असेल तरी साधा अडॅप्टर पुरतो, कारण चित्राचा सिग्नल तोच. आवाजासाठी मात्र वेगळी वायर धरून चला.

व्हीजीएची बाजू एवढीच, की जुन्या प्रोजेक्टरला तीच लागते. आणि एचडीएमआयवरून व्हीजीएकडे जायला साधा अडॅप्टर चालत नाही, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. लक्ष्मीपुरीत घ्यायला गेलात तर नीट विचारून घ्या.

मॉनिटरच्या मागे डीव्हीआयचं पांढरं सॉकेट असेल, तर आजच बदला. केबल लावल्यावर मेनूतून इनपुट निवडायचं, नाहीतर पडदा काळाच राहतो.