१४ टक्के यील्ड आणि वॉटरमार्कखाली झाकलेला 'स्पेशल'

१४.०८ टक्के डिव्हिडंड यील्ड, म्हणजे वर्षभराचा लाभांश शेअरच्या भावाच्या किती टक्के ते. या एका आकड्यापायी माझे १,१५,७९९ रुपये गेले. सांगायला लाज वाटते, पण ज्या शेअर-टिप्सच्या ग्रुपवर तो दाखवला तो अजून चालू आहे, म्हणून लिहितेय.

ग्रुपमधले 'सर', नफ्याचे फोटो, 'दरमहा उत्पन्नाचा पोर्टफोलिओ' हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. फी १४,९९९ रुपये. शेअर एका छोट्या कंपनीचा, भाव ४१२, वर्षभरातला लाभांश ५८ रुपये. मेसेजमध्ये '५८० टक्के लाभांश' असं ठळक लिहिलेलं. ही टक्केवारी शेअरच्या १० रुपयांच्या दर्शनी मूल्यावर (कागदोपत्री मूळ किमतीवर) असते, तुम्ही मोजलेल्या भावावर नाही. कुणी शेकड्यांत टक्के सांगू लागला की तिथंच थांबा.

भागाकार बरोबर होता, आकडा फसवा होता. ५८ पैकी ५० रुपये विशेष लाभांश होता, कारखान्याची जमीन विकून एकदाच वाटलेला. नेहमीचे फक्त ८. म्हणजे यील्ड १.९४ टक्के, एफडीच्या पासंगालाही न पुरणारं.

स्क्रीनशॉट बीएसईच्या साइटवरचा, अस्सल. कॉर्पोरेट अ‍ॅक्शनच्या (लाभांश, बोनस वगैरेंच्या) तक्त्यात 'पर्पज'च्या रकान्यात फायनल, इंटरिम की स्पेशल हे प्रत्येक रकमेआधी स्वच्छ लिहिलेलं असतं. नेमक्या त्या शब्दांवर ग्रुपच्या नावाचा वॉटरमार्क होता, आकडे तेवढे मोकळे. ते चित्र माझ्याकडे अजून आहे. झूम केलं की वॉटरमार्कच्या कडेला इंग्रजी 'Special'चं अर्धवट शेपूट दिसतं आणि अंगाचा तिळपापड होतो.

'अ‍ॅपवर बघायचं होतं' म्हणणाऱ्यांना सांगते, बघितलं होतं. अ‍ॅपही मागच्या बारा महिन्यांतला सगळा लाभांश एकत्र धरून १४.०८च दाखवत होतं. नामांकित कंपन्यांतही हा आकडा असाच फुगतो, त्यात कुणाची लबाडी नसते. वेदांतने २०२२-२३ मध्ये पाच अंतरिम लाभांश मिळून शेअरमागे १०१.५० रुपये दिले, पुढच्या वर्षी २९.५०. म्हणून निदान पाच वर्षांचा इतिहास काढा, स्पेशल वगळा, उरलेल्याची सरासरी आजच्या भावाने भागा. नफा-तोट्याच्या पत्रकात 'अपवादात्मक बाबी'ही बघा. जमिनीचा पैसा तिथं दिसतो.

'आज घेतला नाही तर लाभांश गेला' हा धोशा एक्स-डेटच्या (ज्या दिवसापासून शेअर घेतला तर तो लाभांश मिळत नाही) आदल्या दिवशी सुरू झाला. नियम खरा आहे. टी प्लस १, म्हणजे सौद्याच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी शेअर खात्यात, हे आल्यापासून एक्स-डेट आणि रेकॉर्ड डेट (कंपनी भागधारकांची यादी बघते तो दिवस) सहसा एकच असते, खरेदी आदल्या दिवसापर्यंत हवी. पण लाभांशाएवढा भाव एक्स-डेटला साधारण उतरतोच, मग घाई कुणाच्या फायद्याची? आमच्या खरेदीत त्यांनी आपला माल खपवला. मी ६०० शेअर २,४७,२०० रुपयांना घेतले, लाभांश आला ४,८००, आणि शेवटी २३६ ला विकून १,४१,६०० हाती आले. लाभांशावर स्लॅबप्रमाणे कर, तो वेगळाच.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस ठाण्यात ऐकवलं, "मॅडम, शेअर तुमच्याच नावावर आहेत ना? मग फसवलं कुणी?" तिथून सायबर कक्षाकडे. ते म्हणाले, फी तुम्ही स्वतः पाठवलीत, बँकेत जा. बँक म्हणाली, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, आधी सायबरच्या तक्रारीचा नंबर आणा. पोर्टलवरची तक्रार 'निकाली' दाखवली, कारण 'सरां'नी दिलेला सेबीचा नोंदणी क्रमांक भलत्याच माणसाचा निघाला. अहो, दुसऱ्याचा क्रमांक वापरला हीच तर माझी तक्रार! ती वाचली तरी का कुणी?

आयएनएचने (INH) सुरू होणारा, शेअर सुचवणाऱ्या रिसर्च अ‍ॅनालिस्टचा क्रमांक सेबीच्या साइटवर टाका आणि तिथल्याच फोन-ईमेलवर उलट विचारा. फी व्यक्तीच्या यूपीआयवर मागितली तर देऊ नका. पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. आणि भांडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. मी जाब विचारताच त्यांनी मेसेज पुसले, मला काढलं, आणि आता ठाण्यात तेच मेसेज पुरावा म्हणून मागताहेत.