मोहिमेची वाट बघावी, की केंद्र गाठावं?

घरातला घातक कचरा वेगळा ठेवायचा, हे आता बहुतेकांना पटलेलं आहे. घोडं अडतं ते पुढे. वेगळा ठेवलेला तो खोका न्यायचा कुठे? साधारण दोन वाटा दिसतात. एक म्हणजे वर्षातून एखाद-दोन वेळा होणारी संकलन मोहीम, ठरलेल्या दिवशी मांडव, टेबलं आणि रांग. दुसरी म्हणजे कायमचं संकलन केंद्र, आठवड्यातले काही दिवस उघडं असणारं. मी चार वर्षं मोहिमेला जात होतो, आता केंद्रावर जातो. तक्रारी दोन्हींबद्दल आहेत.

मोहिमेच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. ती घराजवळ होते. रंगाचे डबे, थिनर, ट्यूब, सेल, जुनं कीटकनाशक, सगळं एका फेरीत जातं. घर रिकामं करताना किंवा माळा आवरताना तिच्यासारखी सोय नाही. शिवाय तारीख जाहीर झाली की आळशी माणूसही हलतो. मी त्यातलाच, म्हणून हा मुद्दा हलका समजत नाही.

केंद्र मात्र लांब असतं, वेळा नेमक्या आपल्या कामाच्या असतात आणि काही ठिकाणी आधी वेळ ठरवून घ्यावी लागते. पहिल्या खेपेला मी बंद फाटक बघून परत आलो होतो.

एवढं असूनही मी केंद्राकडे वळलो, त्याचं कारण वाट बघणं. मोहिमेसाठी साठवलेला माल वर्षभर घरात राहतो, आणि तो काही गप्प बसून राहत नाही. माझ्या खोक्यात संडास धुवायच्या ॲसिडची अर्धी बाटली होती. बूच घट्ट लावलेलं. तरी काही महिन्यांत शेजारच्या रंगाच्या डब्यांची झाकणं गंजून तपकिरी झाली, कारण हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ बुचातूनही वाट काढते. त्याच खोक्यात, त्याच ॲसिडला टेकून, ब्लीचची बाटली उभी होती. हे दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. खोका भरताना डोक्यात आलं नाही, एवढंच.

त्यापेक्षा जिव्हारी लागली ती दुसरी बाटली. ओघळांनी तिचं लेबल पुसून गेलं होतं. मोहिमेच्या टेबलावरच्या मुलाने विचारलं, "यात काय आहे?" मी म्हटलं, "बहुतेक कीटकनाशक." तो नम्रपणे म्हणाला, "काका, बहुतेक चालत नाही," आणि बाटली परत माझ्या हातात दिली. त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. मागे मोठी रांग होती, आणि न ओळखलेलं रसायन कशात मिसळायचं हा प्रश्न खरा आहे. पण पुढची मोहीम आठ महिन्यांवर होती, आणि ती बाटली तोवर माझ्याच घरात राहणार होती. केंद्रावर नेली तेव्हा तिथल्या माणसाने कधी घेतलं, कशावर मारायचात, एवढं विचारलं, बाटलीवर 'अज्ञात' अशी चिठ्ठी चिकटवली आणि वेगळ्या पिंपात ठेवली. पाच मिनिटांचं काम. सगळीच केंद्रं इतकी समजूतदार असतील असा माझा दावा नाही.

काही वस्तूंना तर वाट बघायला लावूच नये. फुगलेली लिथियम बॅटरी ही त्यातली पहिली. ती टोचू नये, दाबू नये, आणि नेहमीच्या कचऱ्यात तर टाकूच नये. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की आतल्या आत शॉर्ट होऊन पेटते. ९ व्होल्टच्या चौकोनी सेलची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात, त्यांवर चिकटपट्टी लावूनच तो ठेवावा. बटण सेल घरात लहान मूल असेल तर साठवूच नयेत. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिला भाजू शकतो.

पाऱ्याचंही तसंच. सीएफएल दिव्यात पारा साधारण ५ मिलिग्रॅमच्या आत असतो, जुन्या काचेच्या तापमापकात अर्धा ग्रॅम किंवा त्याहून जास्त, म्हणजे निदान शंभरपट. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठी झालेल्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराने असे तापमापक बनवणं थांबवायला २०२० ची मुदत घातली, पण घराघरांतल्या खणांत ते अजून पडून आहेत. माझ्या खोक्यात एकदा सीएफएल फुटला. खिडकी उघडून दहा मिनिटं खोलीबाहेर थांबलो, मग तुकडे जाड पुठ्ठ्याने आणि चिकटपट्टीने उचलून झाकणाच्या बरणीत भरले. व्हॅक्यूम क्लीनर वापरायचा नसतो, त्याने पारा हवेत पसरतो. तोच दिवा महिन्याभरात केंद्रावर गेला असता तर हा उद्योग टळला असता.

दुकानांत सेल टाकायला पेट्या असतात, त्याही वाईट नाहीत. पण थिनरला तिथे जागा नाही, म्हणून तिसरी वाट मी धरत नाही.

तेव्हा तुमच्याकडे एकदाच पन्नास डबे निघणार असतील आणि मोहीम पुढच्या आठवड्यात असेल, तर खुशाल तिथे जा, मीही जाईन. एरवी, जमत असेल तर, दोन-तीन महिन्यांतून एक फेरी केंद्राची. माल मूळ डब्यातच ठेवा, शीतपेयाच्या बाटलीत ओतून तर कधीच नको. लेबल निसटायला लागलं की त्यावर पारदर्शक पट्टी लावा. आणि निघण्याआधी फोन करा, कारण औषधं, फटाके आणि गॅसचे सिलिंडर बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत.