गाइड स्कोप की ऑफ-अ‍ॅक्सिस गाइडर? मुंबईच्या गच्चीवरून केलेली निवड

ज्यांच्याकडे विषुववृत्तीय माउंट (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारी बैठक) आहे, पीएचडी२ या गाइडिंग सॉफ्टवेअरचा आलेख ज्यांना वाचता येतो आणि जे आता लहान अपवर्तकाकडून ७५० ते १००० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीकडे वळत आहेत, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. या टप्प्यावर गाइड कॅमेरा, म्हणजे एखाद्या ताऱ्यावर नजर ठेवून माउंटच्या चुका दुरुस्त करवून घेणारा छोटा कॅमेरा, कुठे बसवायचा हा प्रश्न टाळता येत नाही. मुख्य नळीच्या पाठीवर छोटी स्वतंत्र गाइड स्कोप लावावी, की मुख्य दुर्बिणीत येणाऱ्या प्रकाशातलाच एक कोपरा प्रिझमने वळवून घेणारा ऑफ-अ‍ॅक्सिस गाइडर, म्हणजे ओएजी, लावावा? मी दोन्ही व्यवस्था ८ इंची, एफ/५ (म्हणजे सुमारे १००० मिमी नाभीय अंतराच्या) न्यूटोनियन आरशाच्या दुर्बिणीवर आणि ३.७६ मायक्रॉन पिक्सेलच्या शीतक कॅमेऱ्यावर वापरल्या आहेत. माझे मत त्या जोडणीपुरते आहे, हे ध्यानात घेऊनच पुढचे वाचावे.

गाइड स्कोपचे गुण आधी सांगतो, कारण ते खरोखर मोठे आहेत. ५० मिमी व्यासाच्या आणि सुमारे २०० मिमी नाभीय अंतराच्या नळीवर ४.८ × ३.६ मिमी सेन्सरचा गाइड कॅमेरा लावला, तर आकाशाचा जवळजवळ दीड अंश रुंद आणि एक अंश उंच तुकडा दिसतो. एवढ्या तुकड्यात गाइडिंगयोग्य तारा मिळाला नाही असे मुंबईच्या उजळ आकाशातही सहसा होत नाही. शिवाय पीएचडी२ च्या अलीकडच्या आवृत्त्या एकाच वेळी अनेक ताऱ्यांची सरासरी घेऊन चालतात, त्यामुळे वातावरणाच्या थरथरीपायी माउंटला दिले जाणारे निरर्थक धक्के कमी होतात. हा लाभ विस्तृत क्षेत्र असणाऱ्या गाइड स्कोपला अधिक मिळतो. चौकट जुळवण्यासाठी मुख्य कॅमेरा फिरवला, तरी गाइड कॅमेऱ्याला त्याची वार्ता नसते आणि कॅलिब्रेशन (माउंटला दिलेल्या धक्क्याने तारा कोणत्या दिशेला किती सरकतो हे सॉफ्टवेअरला शिकवणे) पुन्हा करावे लागत नाही. ओएजीमध्ये मात्र कॅमेऱ्याबरोबर प्रिझमही फिरतो, म्हणून कॅलिब्रेशन नव्याने करणेच योग्य ठरते.

गाइड स्कोपविरुद्ध नेहमी मांडला जाणारा पिक्सेल प्रमाणाचा आक्षेप मला स्वतःला फारसा पटलेला नाही. वरील जोडणीत गाइड कॅमेऱ्याचा एक पिक्सेल सुमारे ३.९ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) व्यापतो, तर मुख्य कॅमेऱ्याचा ०.७८ विकला. हे गुणोत्तर पाचास एक असले, तरी ताऱ्याचा मध्यबिंदू सॉफ्टवेअर पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत सहज काढते. म्हणजे मोजमापाची क्षमता गाइड स्कोपकडे पुरेशी आहे. अडचण आहे ती मोजले जाते त्या वस्तूची.

गाइड स्कोप आपल्या नळीतला तारा स्थिर ठेवते. मुख्य कॅमेऱ्यातला तारा स्थिर आहे की नाही, हे तिला कळण्याचा मार्गच नाही. दोन्ही नळ्या एकमेकींशी पूर्णपणे जखडलेल्या आहेत हे गृहीतक खरे असेल तोवर सर्व ठीक चालते, परंतु दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेकडे कलत जाते तसा वजनाचा रोख बदलतो आणि त्याबरोबर काही ना काही सूक्ष्मपणे सरकते. यालाच डिफरेन्शियल फ्लेक्शर म्हणतात. किती सरकले म्हणजे चित्र बिघडते, याचा हिशेब एकदा करून पाहावा. ३०० सेकंदांच्या एका चित्रात तारा दीड विकला घसरला, तर मुख्य कॅमेऱ्यावर तो दोन पिक्सेल लांबतो आणि डोळ्यांना खटकू लागतो. २०० मिमीच्या गाइड स्कोपमध्ये दीड विकला म्हणजे सेन्सरवर जेमतेम दीड मायक्रॉन, साधारणपणे माणसाच्या केसाच्या जाडीचा पन्नासावा भाग. गाइड स्कोप जिच्यात बसते त्या फाइंडरच्या खाचेतील एक स्क्रू, गाइड कॅमेऱ्याच्या फोकसरमधील किंचित सैलपणा, खाली लोंबणाऱ्या यूएसबी तारेचा ताण, यांपैकी कशानेही एवढे सरकणे घडू शकते.

माझी निवड ज्या एका त्रासाने ठरवली तो हाच. शृंगाश्वातील रोझेट तेजोमेघाची चित्रे घेत असताना पीएचडी२ मध्ये आरएमएस (सरासरी) चूक पाऊण विकलेच्या आसपास, आलेख दोन्ही अक्षांत सपाट, आणि तरीही एकेका चित्रात तारे एकाच दिशेला लांबलेले असत. दुर्बीण याम्योत्तर वृत्त (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडून माउंटच्या दुसऱ्या बाजूला गेली की लांबण्याची दिशा बदले. चूक माउंटची असती तर ती आलेखात दिसली असती. ती आलेखात न दिसणे हेच मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाटले, कारण ज्या साधनावर विसंबून आपण गच्चीवरून खाली जाऊन दोन घास खातो, तेच साधन सर्व ठीक असल्याचे सांगत राहते. फाइंडरची खाच काढून मी दोन भक्कम कड्या बसवल्या, प्लॅस्टिकच्या टोकाचे स्क्रू बदलून धातूचे घातले आणि यूएसबीच्या तारा नळीला आवळून बांधल्या. त्रास निश्चितच कमी झाला, पण गेला नाही. त्याचे कारण असे की न्यूटोनियनमध्ये मुख्य आरसाही आपल्या बैठकीत किंचित हलतो आणि जड कॅमेऱ्याने फोकसरही थोडा झुकतो. या दोन्ही हालचाली मुख्य प्रकाशमार्गातल्या आहेत, आणि गाइड स्कोप कितीही घट्ट आवळली तरी तिला त्या दिसणार नाहीत.

मुंबईत हा दोष अधिक उघडा पडतो असे मला वाटते, आणि तो दोन वेगळ्या रीतींनी पडतो. गच्चीवरून फिल्टरविना चित्रे घेतली, तर आकाशाची पार्श्वभूमी मिनिट-दीड मिनिटातच इतकी उजळते की त्याहून लांब एक्स्पोजरला अर्थ उरत नाही. अशा लहान चित्रांत तारे गोल दिसतात, म्हणून फ्लेक्शर नाही अशी समजूत होते. मात्र तीच शेकडो चित्रे एकमेकांवर रचून, उजळ पार्श्वभूमी वजा करून, क्षीण तपशील ताणून वर काढला की एका दिशेने जाणाऱ्या तिरप्या ओरखड्यांसारखा गोंगाट उमटतो. चित्रागणिक आकाश सेन्सरवरून हळूहळू एकाच दिशेने सरकत गेल्याची ती खूण असते. डिथरिंगने, म्हणजे दोन चित्रांच्या मध्ये चौकट मुद्दाम थोडी हलवण्याने, ती बरीच पुसली जाते, तरी सरकण्याचा वेग मोठा असेल तर डिथरिंग पुरे पडत नाही. दुसरी रीत याच्या उलट आहे. शहरी प्रकाशातून सुटका हवी म्हणून आपण हायड्रोजन-अल्फा (६५६.३ नॅनोमीटर) आणि दुहेरी आयनित ऑक्सिजन (५००.७ नॅनोमीटर) एवढेच पट्टे सोडणारा दुहेरी पट्ट्याचा फिल्टर लावतो. मग आकाश काळे होते आणि एक्स्पोजर ३०० सेकंदांवर जाते. नेमक्या त्याच वेळी फ्लेक्शर प्रत्येक चित्रात दिसू लागते. म्हणजे शहरातल्या छायाचित्रकाराला जो फिल्टर सर्वांत उपयोगी पडतो, तोच गाइड स्कोपची परीक्षा सर्वांत कठोरपणे घेतो.

ओएजीमध्ये हा प्रश्न मुळातूनच नाहीसा होतो, कारण प्रिझम फोकसरच्या मागे, कॅमेऱ्याच्या जेमतेम पुढे असतो. आरसा हलला, फोकसर झुकला, नळी वाकली, तरी गाइड ताऱ्यातही तेवढाच बदल दिसतो आणि माउंट तो दुरुस्त करतो. ओएजी लावल्यानंतर त्याच दुर्बिणीवर, त्याच माउंटवर, ३०० सेकंदांचे तारे मला गोल मिळू लागले. पीएचडी२ चे आकडे मात्र पूर्वीपेक्षा फारसे सुधारले नाहीत. आकड्यांवरून या दोन पद्धतींची तुलना करू नये, असे मी म्हणतो ते यामुळे.

तरीही ओएजी सोपा आहे असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याचे क्षेत्र फार लहान असते: तोच गाइड कॅमेरा १००० मिमीवर साडेसोळा कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) रुंद आणि सव्वाबारा कला उंच एवढेच आकाश पाहतो, म्हणजे क्षेत्रफळ पंचविसाव्या भागावर येते. मोठ्या आरशामुळे अधिक मंद तारे पकडता येतात खरे, पण आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर, विशेषतः सिंह, कन्या आणि अरुंधती केश या दीर्घिकांनी भरलेल्या भागात, तारा मिळवण्यासाठी चौकट थोडी हलवावी लागते किंवा कॅमेरा फिरवावा लागतो. मृग, शृंगाश्व किंवा धनु राशीच्या परिसरात ही अडचण मला क्वचितच आली आहे. प्रिझम क्षेत्राच्या कडेला असल्याने ताऱ्यांचे आकार धूमकेतूसारखे वेडेवाकडे दिसतात. त्यांची काळजी करू नये, कारण मध्यबिंदू काढायला सॉफ्टवेअरला ते चालतात. मुंबईच्या उबदार रात्री शीतक नसलेल्या गाइड कॅमेऱ्यात तप्त पिक्सेल भरपूर असतात आणि मंद ताऱ्याऐवजी तेच निवडले जाण्याचा संभव असतो. म्हणून पीएचडी२ मध्ये डार्क लायब्ररी (झाकण लावून घेतलेल्या चित्रांचा संच) किंवा बॅड-पिक्सेल मॅप (खराब पिक्सेलांची नोंद) तयार करूनच काम सुरू करावे.

खरी मेहनत सुरुवातीच्या जोडणीत आहे. कोमा करेक्टरपासून (कडेच्या ताऱ्यांचे आकार सुधारणाऱ्या भिंगांपासून) सेन्सरपर्यंत बहुतेक वेळा ५५ मिमी अंतर राखायचे असते. त्यातले १७.५ मिमी अनेक शीतक कॅमेरेच घेतात आणि पातळ ओएजी आणखी १६.५ मिमी घेतो. उरलेल्या २१ मिमीमध्ये फिल्टर ड्रॉवर आणि रिंगा बसवाव्या लागतात. फिल्टर नेहमी प्रिझमच्या मागे, कॅमेऱ्याच्या बाजूला असावा. करेक्टरच्या तोंडाशी असलेल्या आट्यांत फिल्टर लावण्याची पद्धत रूढ आहे, पण तसे केल्यास गाइड ताऱ्यांचाही बहुतेक प्रकाश अडतो. प्रिझम आयताकृती सेन्सरच्या लांब बाजूच्या मध्यावर ठेवावा, कारण तेथे तो प्रकाशीय अक्षाला अधिक जवळ असतो आणि ताऱ्यांचे आकार त्यातल्या त्यात बरे मिळतात. तो सेन्सरवर सावली टाकतो आहे का, हे फ्लॅट चित्रात, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या चित्रात, लगेच कळते.

दोन्ही कॅमेरे एकाच वेळी फोकसमध्ये आणणे हे नवख्याला सर्वांत कंटाळवाणे वाटते. त्यासाठी मुंबईत एक सोय आहे. दूरच्या उत्तुंग इमारतीवरचा विमानांसाठी लावलेला लाल दिवा मुख्य कॅमेऱ्यात आधी तीक्ष्ण करावा, मग तोच दिवा प्रिझमच्या बाजूला आणून केवळ गाइड कॅमेरा पुढेमागे करत तेथेही तीक्ष्ण करावा. दोन्ही कॅमेरे एकाच वस्तूवर जुळले की ताऱ्यांवरही जुळलेलेच राहतात, मग दिवा अनंत अंतरावर नसला तरी चालते. त्यानंतर गाइड कॅमेऱ्याची कडी घट्ट करून टाकावी. माझ्या जोडणीत तिला पुन्हा हात लावण्याची वेळ सहसा येत नाही, आणि गच्चीवरून खाली आणताना करेक्टर, ओएजी आणि दोन्ही कॅमेरे असा एकच अखंड तुकडा पेटीत जातो.

ध्रुव-जुळणीच्या (माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखण्याच्या) बाबतीत गाइड स्कोपचा वरचष्मा आहे असे मानले जाते, कारण शार्पकॅपसारख्या सॉफ्टवेअरला तिचे विस्तृत क्षेत्र सोयीचे असते. मोकळ्या माळावर हे खरे आहे. मुंबईत ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर असतो, आणि त्या उंचीवर धुरके नसले तर समोरची इमारत असते. त्यामुळे मला निना या छायाचित्रण-सॉफ्टवेअरमधील तीन बिंदूंच्या ध्रुव-जुळणीचा आधार घ्यावा लागतो. तिला ध्रुवतारा दिसण्याची गरज नसते आणि ती मुख्य कॅमेऱ्यावरच उत्तम चालते. वांगणी किंवा मुरबाडच्या बाजूला मुक्कामाला जाणाऱ्यांना उत्तर क्षितिज मोकळे मिळते, पण हिवाळ्यात तेथे दव इतके पडते की गाइड स्कोपच्या भिंगाला वेगळी तापपट्टी आणि तिची वेगळी तार लागते. ओएजीचा प्रिझम दुर्बिणीच्या आत सुरक्षित असतो.

आपली दुर्बीण ४००-५०० मिमीच्या आतील अपवर्तक असेल, तर गाइड स्कोपच घ्यावी असे मी निःसंकोच सुचवेन. तेथे मुख्य कॅमेऱ्याचा एक पिक्सेल दीड विकलेहून मोठा असतो, हलणारा आरसा नसतो आणि ओएजीच्या जोडणीचे कष्ट वसूल होत नाहीत. न्यूटोनियन ७५० मिमीच्या पुढची असेल, किंवा श्मिट-कॅसेग्रेन असेल, जिच्यात फोकस करताना मुख्य आरसाच सरकतो, तर माझा कल ओएजीकडे आहे. त्यासाठी गाइड कॅमेरा मात्र थोडा अधिक संवेदनशील घ्यावा, कारण तेथे बचत केली तर दीर्घिकांच्या ऋतूत पश्चात्ताप होतो.

गाइड स्कोप आधीच हाताशी असेल, तर नवी खरेदी करण्यापूर्वी तिचीच चाचणी घ्यावी. डिथरिंग बंद ठेवून, एकाच लक्ष्यावर, याम्योत्तर वृत्त न ओलांडता तासभर चित्रे घ्यावीत आणि पहिले व शेवटचे चित्र आलटून पालटून पाहावे. सगळे तारे एकाच दिशेने सारखेच सरकले असतील तर तो बहुधा फ्लेक्शरचा परिणाम असतो. ते एखाद्या बिंदूभोवती फिरल्यासारखे दिसत असतील, तर आधी ध्रुव-जुळणी सुधारावी आणि मग चाचणी पुन्हा घ्यावी, कारण ध्रुव-जुळणी फार चुकलेली असेल तर चित्रातले फिरणे ओएजीही थांबवू शकत नाही. सरकणे तासाला दहा पिक्सेलांच्या आत असेल, तर ३०० सेकंदांच्या चित्रात ते एका पिक्सेलहून कमी भरते. तेवढ्यासाठी ओएजीवर पैसे खर्च करण्याची आवश्यकता नाही, डिथरिंग सुरू ठेवले की काम भागते.